कुंपणापाशी चाळीस घड्याळे

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे, चावी देऊन चालणारे. माझा काटा सेकंदाचा पाचवा भागही चुकवत नसे. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे जाड चष्म्याच्या एका बाईंनी त्यासाठी मला सहा वेळा उघडून पुन्हा जुळवले होते.

खेळाच्या एका शिक्षकांनी मला विकत घेतले. पंधरा वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. मुली मैदानाला फेऱ्या मारत आणि सर नुसती पावले पाहून सांगत, "ही शेवटच्या फेरीत ढेपाळणार." मी मोजून दाखवी, आणि बहुतेकदा तसेच होई. शाळेत सगळे सरांच्या नजरेचे कौतुक करत. त्या कौतुकानेच घात केला.

एका सुट्टीत कोणीतरी सरांना घोड्यांच्या शर्यतीला नेले. सकाळी घोडे सरावाला पळतात, तेव्हा कुंपणापाशी उभे राहून सरांनी माझे बटण दाबले, वेळ पाहून एक घोडा निवडला, त्यावर पैसे लावले, आणि दुपारी तोच जिंकला. मग दर रविवारी आम्ही तिथेच. मुलींच्या फेऱ्या मोजायला सरांनी शाळेतले प्लॅस्टिकचे घड्याळ घेतले. ते मला फार लागले.

हरले की सर म्हणत, "नशीब फुटकं." जिंकले की म्हणत, "याला पारख लागते." मी मात्र दोन्ही वेळा सारख्याच इमानाने मोजलेले असे.

मग तो रविवार आला. मुलींच्या संघाला परगावी स्पर्धेला जायचे होते. बससाठी घरोघरून जमवलेले पैसे सरांकडे होते, ते सोमवारी बसवाल्याला द्यायचे होते. सरांनी त्या पैशांचे अख्खे पाकीट घोड्यावर पैज लावायच्या खिडकीत रिकामे केले.

शर्यत सुटली. सरांनी मला असे आवळले होते, की त्यांच्या घामाने माझी काच धुरकटली. शेवटच्या वळणावर आमचा घोडा तिसरा होता आणि मागे पडत होता. तेवढ्यात पुढचा घोडा अडखळला, दुसरा त्याला चुकवायला बाजूला झाला, आणि आमचा घोडा मधून निघून पहिला आला.

घरी येऊन सरांनी बायकोला सगळे हसत हसत सांगितले. बाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत. त्या हसल्या नाहीत.

"पुढचा घोडा अडखळणार, हे घड्याळात दिसलं होतं?"

सर माझी धुरकटलेली काच रुमालाने पुसू लागले.

"तीस शर्यती," बाई म्हणाल्या. "एक पैसाही लावायचा नाही. तुम्ही घड्याळ लावून निवडा, मी डोळे मिटून चिठ्ठी काढते. सगळं कागदावर लिहू."

पुढचे कित्येक रविवार दोघे कुंपणापाशी उभे राहिले. पैसे लावलेले नसतानाही सर मला तसेच आवळत. तिसाव्या शर्यतीनंतर सरांचे नऊ घोडे बरोबर आले होते, बाईंचे तीन.

"बघ," सर म्हणाले. "नजर आहे की नाही?"

"आहे. पण पैसे लावले असते तर या नऊ घोड्यांनी एकवीस घोड्यांचं नुकसान भरून दिलं नसतं. तुम्हाला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. मी मोजली, इथे चाळीस घड्याळं आहेत. सगळे ज्या घोड्यावर लावतात, तो जिंकला तरी पैसे कमीच मिळतात."

"आणि बसचे पैसे लावले त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुमची नजर चुकली होती. नशिबाने झाकलं."

दुसऱ्या दिवशी सर मुख्याध्यापिकांसमोर उभे राहिले. सर बोलले नसते, तर त्यांना काहीच कळले नसते. बसचे पैसे वेळेवर पोचले होते, मुली स्पर्धेला जाऊनही आल्या होत्या.

"बसचे पैसे मी शर्यतीवर लावले होते," सर म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी हातातले पेन खाली ठेवले. "हरला असतात तर?"

"मुलींना काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचत नाही."

त्यांनी वर्षभरासाठी संघ सरांकडून काढून घेतला. सरांनी मान खाली घालून ते ऐकले आणि मला गळ्यातून काढून कपाटात ठेवले.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. तेलावाचून माझा काटा जड झाला आहे. घरात माझ्यासारखे यंत्र असेल तर त्याला अधूनमधून चावी द्या, एवढी विनंती. आणि कोणी जिंकून घरी आला, तर टाळ्या वाजवण्याआधी शांतपणे विचारा, नक्की काय झाले. हरलेल्याला तर सगळेच विचारतात.