गालाला रेघ नसते

आमचे हे चौतीस वर्षं नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढत होते. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की आपण मुळात कलावंत आहोत. तोवर ही गोष्ट फक्त गटारांना ठाऊक होती.

पेन्सिलीने चेहरे काढायच्या वर्गात त्यांनी नाव घातलं आणि सरावासाठी मला खिडकीजवळ बसवलं. मग फूटपट्टी आणून माझं नाक मोजलं. "पाच सेंटिमीटर," म्हणाले, जणू तिथून पाणीच वाहून न्यायचं होतं.

तासाभराने चित्र दाखवलं. चेहऱ्याभोवती एकाच जाडीची काळी रेघ कुंपणासारखी फिरली होती. नणंदबाई आल्या होत्या, त्यांनी चष्मा सारखा केला.

"दादा, हुबेहूब वहिनी! जरा चपटी झालीय, एवढंच."

"रोडरोलर गेलाय माझ्यावरून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे वर्गातून तोंड पाडून आले. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीपेक्षा लहान. ती म्हणाली होती, "काका, गालाला रेघ नसते, गाल वळतो. वळतो तिथे उजेड कमी होतो, तेवढंच काढा. डोळे किलकिले करून बघा."

फूटपट्टी कपाटात गेली. हे अर्धा तास माझ्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघत राहिले. इतकं तर लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मध्येच पेन्सिल थांबली. "तुझ्या भुवईवर हा खळगा कधीचा?"

"बारा वर्षं झाली. बाथरूममध्ये पडले होते. चार टाके."

"मी कुठे होतो?"

"शेजारच्या खोलीत, नकाशा काढत. 'काय पडलं?' विचारलंत. मी 'बादली' म्हटलं. तुमचं समाधान झालं."

"आणि टाके?"

"शेजारीण घेऊन गेली. आठ दिवस बँडेज होतं. तुम्हाला वाटलं, डोकं दुखतंय."

हे पेन्सिल आडवी धरून भुवईशी हलकी सावली भरत राहिले. बोटाने पुसायचे, पुन्हा भरायचे. माझी मान अवघडली, तरी मी उठले नाही.

चित्र झालं. नाक वाकडं, एक कान बेपत्ता. पण भुवईवरचा खळगा असा उतरला होता की मी नकळत त्यावर बोट ठेवलं.

"अगं, पुसलं जाईल!" हे ओरडले.

"जाऊ दे. कुठे आहे ते आता कळलंय ना? पुन्हा काढा," मी म्हटलं आणि खुर्चीत नीट सरकून बसले.