गडी न्या, टॉवेल ठेवा

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुना निळा टॉवेल आहे आणि मला हात लावायला येणाऱ्या प्रत्येकाचा मला आधी संशयच येतो. स्वभाव वाईट म्हणा हवं तर. पण माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं, तर तुम्हीही असेच झाला असता.

कुठल्या गिरणीत जन्मलो ते मला आठवत नाही. परदेशात कुणीतरी मला वापरलं, टाकलं, आणि जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून मी झांबियातल्या कापिरीच्या बाजारात येऊन पडलो. तिथल्या ढिगातून चिलेशेबाईंनी मला उचललं, हुंगलं, उजेडात धरून भोकं शोधली आणि मग नवऱ्यासाठी घेतलं. नवरा म्हणजे कापाम्ब्वे. तो रेल्वेच्या यार्डात डब्यांच्या चाकांना वंगण घालायचा आणि शनिवारी सिग्नल रोव्हर्स या आमच्या फुटबॉल क्लबचा गोल राखायचा. त्याच्या तळहातांना फार घाम यायचा. म्हणून तो मला गोलाच्या जाळीला अडकवायचा आणि मधूनमधून हात पुसायचा. माझं काम एवढंच होतं. देवाशपथ एवढंच!

आमच्या क्लबला कापिरीबाहेर कुत्रंही ओळखत नव्हतं. अशात एका रविवारी रेडिओवरच्या आकडेवाल्याने देशभरच्या गोलरक्षकांची क्रमवारी वाचली. एकही गोल न खाता सर्वांत जास्त सामने कुणी काढले? बड्या बड्या क्लबांची, पोस्टरवरची नावं आली आणि त्या सगळ्यांच्या वर आला कापाम्ब्वे. वाचणाराही अडखळला. त्याने ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

कौतुक एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी नळावर कुजबुज सुरू झाली.

"कोण, तो वंगणवाला? पहिला? पाणी कुठेतरी मुरतंय बाई."

"तो निळा टॉवेल बघितलास का? नेहमी जाळीलाच कसा असतो?"

आता जाळीला नसणार तर काय झाडाला असणार? पण आमच्याकडे गोलखांबाखाली काहीबाही पुरणं, मैदानात उलट्या पावलांनी शिरणं नवीन नाही. तेव्हा माझ्यात जादूटोण्याचं औषध मुरवलंय, हे ठरायला वेळ लागला नाही. लोक मला पाहून रस्ता बदलू लागले. मीही त्यांच्या हातांवर नजर ठेवू लागलो.

पुढच्या शनिवारी राजधानी लुसाकाच्या एका मोठ्या क्लबाचा माणूस सामना पाहायला येणार होता. त्याला कापाम्ब्वे पसंत पडला, तर यार्डातलं वंगण सुटणार होतं. त्या सकाळी कापाम्ब्वेने मला उलटंपालटं केलं आणि माझी शिवण बोटांनी चाचपली. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. ज्याचे हात मी पुसले, त्याच्याच मनात पाल चुकचुकली होती.

"बाई, खरं सांग. यात काही शिवलंयस का तू?"

चिलेशेबाई मक्याच्या पिठाची एन्शिमा घोटत होत्या. त्यांनी डाव उगारला. "अहो म्वाबाचे बाबा, मला औषध येत असतं तर आधी तुमचं घोरणं बंद केलं असतं!"

तो हसला, पण डोळ्यांतला संशय काही गेला नाही.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मागून कुणीतरी मला झटक्यात ओढलं. प्रतिस्पर्ध्यांचा राखीव खेळाडू मला घेऊन धूम पळाला आणि त्याने मला आपल्याच गोलाच्या जाळीला टांगलं. त्यांना वाटलं, झालं, आता औषध आपलं. पण त्यांचा गोलरक्षक मला शिवायलाही घाबरत होता. त्याचे हात घामाने निथळत होते, एक डोळा चेंडूवर आणि दुसरा माझ्यावर. साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटून जाळीत आला.

पलीकडच्या टोकाला कापाम्ब्वे आधी बावरला. रिकाम्या जाळीकडे पाहत राहिला. मग हात सदऱ्याला पुसून त्याने एक फटका अडवला, दुसरा अडवला. शेवटची पेनल्टीही त्याने छातीशी घट्ट धरली आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहून मोठ्याने हसला. मला वाटलं, सुटलो! आता तरी सगळ्यांना कळलं असेल.

कसलं काय! आमचे अध्यक्ष सिमुकोंडा धावत आले आणि त्याला ओलांडून थेट माझ्या जाळीपाशी येत त्यांनी मला छातीशी धरलं. "तिकडे टांगला तरी इकडे काम केलं! किती जालीम असेल बघा!" त्यांनी मला क्लबाची मालमत्ता ठरवून कपाटात कोंडलं.

लुसाकाचा माणूसही काही कमी नव्हता. "गडी घेतो, पण टॉवेलसकट."

"गडी न्या. टॉवेल इथेच राहील," सिमुकोंडा म्हणाले.

"मग बघू," म्हणत तो माणूस टोपी घालून निघाला.

दाराशी उभ्या चिलेशेबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "बाजारातून दुसरा निळा आणू या. कुणाला कळतंय?"

"नको," कापाम्ब्वे म्हणाला. "मग जन्मभर नाव टॉवेलचंच व्हायचं." तो तसाच रिकाम्या हातांनी त्या माणसामागे गेला. "साहेब, मोकळ्या हातांनी एक दिवस उभा राहतो. गोल झाला, तर माझ्या खर्चाने परत येईन."

तो परत आला नाही. इकडे नव्या गोलरक्षकाच्या मागे मला टांगतात आणि चेंडू माझ्या अंगावर येऊन आदळतात. मग सगळे मला पिळून, उलटं करून बघतात. जाताना कापाम्ब्वेने माझ्यातला दम काढून नेला, असं म्हणतात.

परवा लुसाकाच्या गाडीचा गार्ड क्लबात डोकावला. "अध्यक्षसाहेब, तुमचा कापाम्ब्वे यंदाही सगळ्यांच्या वर आहे हो!"

सिमुकोंडा उठले आणि माझ्या कपाटाला दुसरं कुलूप लावून आले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाची सिमुकोंडांशी ओळख असेल, तर त्यांना एवढं सांगा की टॉवेलला कुलूप नको, ऊन हवं. मला धुऊन दोरीवर टाका आणि घामेजल्या हातांच्या कुणालाही देऊन टाका. फक्त तो जिंकला, तर माझ्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा.