खुर्चीचा इलाज

बायडाबाईच्या गुडघ्यांवर गावातल्या सगळ्या शहाण्यांनी हात साफ करून घेतला होता. निरगुडीचा पाला बांधून झाला, रुईची पानं तेल लावून शेकून झाली. एका धनगरानं तर विटाळ नको म्हणून हात लांब करून तापल्या विळ्याचा डाग दिला. डाग तेवढा राहिला, दुखणं जिथल्या तिथं. छप्पन्नच्या पाठोपाठ वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून गावातल्या बायका म्हणायच्या, देव सोडलेत, आता भोगा. बायडाबाई फटकन म्हणायची, "आवं, देव घरात हुतं तवा काय तुमी माझं पाय चेपाय येत हुता?" जीभ तिची शाबूत होती. गुडघे तेवढे गेले होते.

ते कशानं गेले हे सांगायला कुणी वैद्य नको. दुसऱ्याच्या रानात उकिडवं बसून भांगलण, दुसऱ्याच्या अंगणात वाकून झाडलोट, आणि दुसऱ्याच्या ओसरीखाली पदर पसरून पुन्हा उकिडवंच. सगळा जन्म तसाच गेला.

तिचं मागणं फार मोठं नव्हतं. परसाकडेला जाताना कुणाचा हात धरावा लागू नये, एवढंच. आपल्या सासूला तिनं तसं हाताला धरून नेलं होतं, आणि सासू वाटेत मान वर करत नसे. ते दिवस आपल्यावर येऊ नयेत, त्याआधी डोळे मिटावेत, असं तिला मनापासून वाटे.

मुलगा मधुकर सांगलीत शाळामास्तर होता. तो तिला घेऊन गेला आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं गुडघे दाबून, वाकवून पाहिले.

"आजी, हाडं झिजलीत. कापाकापीचं हे काम नाही, आणि डाग तर आता मुळीच नको. तुम्ही एक करा, जमीन विसरा. बसायचं ते खुर्चीवर. उकिडवं नाही, मांडी नाही. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, जरा वेळ तसाच धरायचा, मग हळू खाली. वाळूची पुरचुंडी तापवून शेक. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात."

इंजेक्शन नाही, बाटली नाही, म्हणून मधुकरचा चेहरा पडला. पण बायडाबाईनं डॉक्टरचं सांगणं निमूट पाळलं. मधुकरच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात खिडकीशी हाताची खुर्ची होती. तिच्यावर बसून ती पाय उचलायची, सुनेशी गप्पा मारायची, बाजाराकडं जाणाऱ्या हळदीच्या गाड्या बघायची. दिवाळीपर्यंत सूज ओसरली. एक दिवस ती काठी टेकत एकटी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन आली आणि सुनेला म्हणाली, "बग, कुनाचा हात धरला न्हाई!" त्या दिवशी ती लहान पोरीसारखी हसत होती.

पण नवरा गावाकडं एकटा. धोंडीबाला खोकला, आणि वस्ती सोडायला तो तयार नाही. दिवाळी झाली तशी ती परत निघाली. मधुकरनं तीच खुर्ची एस.टी.च्या टपावर बांधली, कोरेगावला उतरवली, पुढं बैलगाडीत घातली आणि दारातल्या लिंबाखाली आणून ठेवली. सगळी वस्ती बघायला लोटली. शेजारची रंगूबाई म्हणाली, "बायडाक्का, राणी दिसतीस गं!"

राणीचं राज्य एक दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर वहाणांची करकर आली. नानासो पाटील. त्यांची विहीर आणि उसाचं रान वस्तीच्या पलीकडं, आणि वाट बायडाबाईच्या दारावरून. करकर कानावर पडली मात्र, काय झालं ते तिचं तिला कळलं नाही. ती खुर्चीवरून उतरून जमिनीवर होती. डोक्यावर पदर, गुडघे छातीशी, नजर मातीत.

नानासोंनी खुर्चीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता पुढं गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला तिच्याकडं उत्तर होतं. काहीच न म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

मग तेच सुरू झालं. नानासो रानात निघाले की ही खाली, रानातून परतले की ही खाली. पूर्वी ती सकाळी जमिनीवर बसली की बसलीच असायची. आता प्रत्येक खेपेला उतरायचं आणि प्रत्येक खेपेला चढायचं. उतरताना कळ मस्तकात जायची, चढताना डोळ्यांपुढं काजवे. उद्या हलायचं नाही, असं ती रोज ठरवायची, खुर्चीचे हात घट्ट धरायची, आणि करकर ऐकली की गुडघे आपसूक दुमडायचे. वतनं गेली, धर्म बदलला, पोराच्या पायात बूट आले. गुडघ्यांना मात्र यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

धोंडीबाची तऱ्हा वेगळी. करकर लांब असतानाच तो घरात शिरायचा आणि आत खोकत बसायचा. म्हणजे उठायचाही प्रश्न नाही आणि बसायचाही नाही.

"खुर्ची आत घे की मग," तो म्हणाला.

"आत अंधारात बसाय मी कैदी हाय व्हय?"

"मग ऊठ त्यो आला की. त्यात काय जातंय?"

"गुडघं जात्यात."

धोंडीबाला यावर खोकला आला.

शिमग्यापर्यंत गुडघे पुन्हा सुजून टम्म झाले. एक दिवस परसाकडेला निघालेली बायडाबाई उंबऱ्यातच थांबली आणि तिनं रंगूबाईला हाक मारली. रंगूबाईनं हात दिला. जाताना बायडाबाईनं मान वर केली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मधुकर आला आणि आईची चाल बघून भडकलाच.

"पाय उचलतीस का न्हाई?"

"उचलतीया."

"खुर्चीवर बसतीस?"

"बसतीया."

"मग असं कसं झालं?"

"त्या डाक्तरचं औषध हितं लागू पडत न्हाई, बाळा."

मधुकरनं डॉक्टरला चार शब्द सुनावले, मग आईलाही सुनावले. शेवटी रंगूबाईला राहवलं नाही. "मास्तर, तिला कशापायी बोलतासा? नानासो गेलं-आलं की ती खाली बसतीया. रोजचं हाय त्ये."

मग मधुकरच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो सुटलाच. माणसाची बरोबरी, कायदा, स्वाभिमान, सगळं निघालं. वस्तीतली माणसं गोळा होऊन ऐकत राहिली. बोलत होता मात्र सुंदर. बायडाबाईचा ऊर भरून आला. आपण जन्मभर वाकलो ते ह्याला ताठ उभं करायला, मग वाया काही गेलं नाही, असं तिला वाटलं.

"उद्या तू उठायचं न्हाईस," तो म्हणाला. "मी बसतो तुझ्याशेजारी. बघू कोन काय म्हनतंय."

सकाळी तो खुर्चीशेजारी बाज टाकून बसला, हातात वर्तमानपत्र. करकर आली. धोंडीबा आत गेला. बायडाबाईचे गुडघे वळवळायला लागले. तेव्हा तिला डॉक्टर आठवला. तिनं उजवा पाय समोर सरळ केला आणि ताठ धरला. सरळ पाय दुमडणार कसा? कळ मांडीपर्यंत चढली, डोळ्यांत पाणी आलं, पण पाय तिनं सोडला नाही.

नानासो दारासमोर आले. थांबले. बायडाबाई खुर्चीवरच होती. डोक्यावरचा पदरही तिनं पुढं ओढला नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांचं तोंड समोरून नीट पाहिलं. साधंच होतं, म्हाताऱ्या माणसाचं.

नानासो हसले. पण तिच्याकडं बघून नाही. तिच्या बाजूला बघून.

"काय मास्तर, कवा आलास?"

"परवा आलो जी, नानासो," शेजारून हलका आवाज आला. आवाज बाजेच्या उंचीवरून येत नव्हता.

तिनं मान वळवली. मधुकर उभा होता. खांदे वाकलेले, हात जोडलेले, वर्तमानपत्र पायाशी मातीत पडलेलं.

"बरं, बरं," म्हणून नानासो रानाकडं चालू लागले. करकर दूर जात जात ऐकू येईनाशी झाली. मधुकर तसाच उभा. आईकडं बघायची त्याची छाती होत नव्हती. बायडाबाईचा पाय अजून समोर सरळच होता आणि त्यातली कळ तिला आता जाणवतही नव्हती. तिला नानासोंचा राग आला नाही, पोराचाही आला नाही. फार वाईट वाटलं, एवढंच. पोराचे गुडघे अजून कोवळे होते.

"बस, बाळा," ती म्हणाली. "गेला त्यो."