आवाजाचा रकाना

बस स्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. एकदा वीज गेली, माईक बंद पडला. यानं खिडकीतून नुसतं डोकं बाहेर काढलं आणि ‘फलाट चार’ एवढंच म्हटलं, तर केव्हाच गावाबाहेर पोचलेली गाडी उलटी फिरून मुकाट्यानं फलाट चारला येऊन उभी राहिली. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारता आलं असतं, पण तो बिचारा आता हयात नाही.

भोंगा निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली. त्याला आता पाच वर्षं झाली. दोन खोल्यांच्या घरात तो आणि दोनशे अकरा व्हिडिओ कॅसेटी एवढेच उरले. कॅमेऱ्याचा नाद बायकोचा. लेकीचा पहिला दात, गळका नळ, नळ दुरुस्त करणारा माणूस, तो गेल्यावर पुन्हा गळणारा तोच नळ. बाईला काहीही वर्ज्य नव्हतं.

एका रविवारी लेक आली आणि तिनं पाकिटाएवढी एक वस्तू त्याच्या हातात ठेवली.

“हा कशाचा रिमोट?”

“कॉम्प्युटर आहे, बाबा.”

“एवढासा? आजारी आहे का?”

“या काडीनं पडद्यावर लिहायचं. प्रत्येक कॅसेटला एक पान. नंबर, तारीख, कुठल्या फळीवर आहे, कोण दिसतं. सगळं आत राहतं, आणि विचारलं की शोधून देतं.” मग तिनं काडी टेकवून एक जास्तीचा रकाना उघडला आणि त्याला नाव दिलं, ‘आवाज’. “ज्यांच्यात आईचा आवाज आहे त्या आधी डिस्कवर करून घेऊ. पोरीनं आजीला कधी ऐकलंच नाही. परवा मला विचारते, आजी मुकी होती का?”

भोंगा “हं” म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो जन्मात काही बोलला नव्हता.

कारण असं होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की बायकोच्या तोंडाला खीळ नसे. “चित्र घेताना बोलू नये,” हा सांगायचा. “मग तोंड काय तुमच्या कपाटात ठेवू?” ती म्हणायची. पण भोंगा पडला धंद्यातला माणूस. त्यानं मोठा प्लेअर घरी आणला. त्यात चित्र जसंच्या तसं ठेवून जुना आवाज पुसायचा आणि त्या जागी नवा भरायचा, अशी सोय होती. दर रविवारी तो माईक घेऊन बसे. “कृपया लक्ष द्या. मुलीचा पहिला दात. दात खालच्या बाजूस, डावीकडे आहे.” मग लेबलवर लफ्फेदार अक्षरात लिही: ‘निवेदन पूर्ण’. बायको हसायची. “झालं, माझ्या कॅसेटीही फलाटाला लागल्या.”

लेक गेल्यावर त्यानं काम सुरू केलं. पहिल्या पानावर, आवाजाच्या रकान्यात, त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं: भोंगा. दुसऱ्यावर भोंगा. यंत्र हुशार होतं, आधी लिहिलेला शब्द ओळखायचं. विसाव्या कॅसेटनंतर त्यानं ‘भ’ काढायचा अवकाश, बाकीचं ते स्वतःच भरून मोकळं.

लेबलवरून सगळं कळत होतं, तरी तो प्रत्येक कॅसेट लावून बघत होता. आवाज शेवटपर्यंत मोठा करून, पडद्याला कान लावून. आपल्याच दोन वाक्यांच्या मधे ती कुठे शिल्लक असेल, एखादा खोकला, एखादं ‘अहो’. भिंतीपलीकडून शेजारी ठोकत होते. पण फटीफटीत नुसती माईकची खरखर होती. काम इतकं चोख झालं होतं की स्वतःची पाठ थोपटावी, आणि हाताला ते जमत नव्हतं.

अकराव्या दिवशी फळ्या संपल्या. यंत्रानं खाली आकडा दाखवला: दोनशे दहा. भोंगा चमकला. कॅसेटींचे नंबर तर दोनशे अकरापर्यंत होते. त्यानं नंबरवार यादी मागितली. एकशे छत्तीसनंतर एकदम एकशे अडतीस.

गाडी चुकवायची त्याला सवय नव्हती. पलंगाखाली पाहिलं, पंख्याच्या खोक्यात पाहिलं. मग आठवलं. अपुरी कामं तो माईकच्या पेटीत ठेवायचा. पेटी उघडली. एकशे सदतीस. लेबलवर त्याचंच अक्षर: ‘निवेदन बाकी’.

त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हाची ती. डॉक्टरनं महिनाभर बोलणं बंद केलं होतं, आणि मग ती पेटीत राहूनच गेली.

त्यानं कॅसेट लावली. पडद्यावर हीच खिडकी, हीच खुर्ची, खुर्चीत गळ्याला टॉवेल गुंडाळलेला तो. आणि पलीकडून ती.

“हे आमचे साहेब. बोलायला बंदी, आज सतरावा दिवस. वरच्या मजल्यावरच्या बाई यांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारत होत्या, आभार मानायला.” कॅमेरा हलला, ती हसत होती. मग जवळ आली. “मलाही आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घर खायला उठतं हो. लवकर बोला. माझ्या कॅसेटींवर बोललात तरी चालेल.”

पडद्यावरच्या त्यानं चिठ्ठी दाखवली: कॅमेरा बंद कर. ती आणखी हसली, आणि पडदा निळा झाला.

पडद्यासमोरच्या भोंग्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. माईक समोरच होता. त्यानं तो पेटीत ठेवला, झाकण लावलं. स्क्रू ड्रायव्हर आणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी तोडून टाकली. ती पट्टी गेली की प्लेअर त्या कॅसेटवर काही भरू देत नाही. मग एकशे सदतीसचं पान उघडून आवाजाच्या रकान्यात त्यानं ‘आई’ लिहिलं. यंत्राला हा शब्द ठाऊक नव्हता, दोन्ही अक्षरं स्वतः काढावी लागली.

त्यानं लेकीला फोन लावला.

“बाकी दोनशे दहांवर मीच आहे,” तो म्हणाला. “तिला मीच पुसलं.”

“माहितेय, बाबा. लहानपणी त्याच कॅसेटी ऐकत जेवायचे मी. मला वाटलं, एखादी चुकून राहिली असेल.”

“राहिलीय. चार मिनिटांची.”

“काय म्हणते ती?”

तीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर फलाट हलले, त्याच्या ओठांवर तिचं वाक्य येऊन थांबलं.

“तू पोरीला घेऊन ये आणि ऐक,” तो म्हणाला. “मी सांगितलं तर पुन्हा माझाच आवाज होईल.”