ओला गठ्ठा

माझ्या भावजयीवर आळ आला तेव्हा मी कामावर होते, आणि तो आळ आम्ही दोघींनी चार दिवसांत उतरवला. बढाई मारतेय असं वाटत असेल तर वाटू द्या. एकतीस वर्षं इस्पितळाच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत काढल्यावर बाईला थोडी बढाई शोभते. ऑपरेशनची प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा माझ्या हाताखालून जातो. आधी धुणं, मग वाफ, मग वाळवणं. इस्पितळात मला सगळे वाफताई म्हणतात. मोठे डॉक्टरही म्हणतात, फक्त जरा दबकून.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. आई पंचाहत्तरीची, धाकट्या भावाकडे राहते. भाऊ खोल समुद्रातल्या तेलविहिरीवर वेल्डर आहे. एकदा गेला की चार महिने घरी येत नाही, त्यामुळे घरात आई आणि भावजय दोघीच असतात. आईने सांगितलं ते असं. भावजयीला खालच्या जागी जळजळ होतेय, खाज येतेय, आणि ही सहा महिन्यांतली तिसरी खेप. या वेळी आई तिच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता विचारलं की जोडीदारालाही असाच काही त्रास आहे का. झालं. मुलगा तीन महिने समुद्रात, मग हा जोडीदार कोण, हा किडा आईच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

"रविवारच्या बोटीने निघून ये म्हणून त्याला निरोप दिलाय," आई म्हणाली. "आता काय ते त्याचं तो बघेल."

कारण तिने त्याला कळवलं नव्हतं. ते समोर बसवून सांगायचं होतं. माझा भाऊ मनाचा चांगला, पण आईचा शब्द आला की त्याची अक्कल रजेवर जाते. बावीस वर्षांचा संसार रविवारी मोडायची वेळ आली होती, आणि ज्या बाईचा तो संसार, ती त्या वेळी चष्म्याच्या दुकानात मान खाली घालून भिंगं घासत होती. मला रडू आलं नाही, संताप आला. मी चार दिवसांची रजा टाकली आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन थडकले.

आमच्या खोलीत एक रीत आहे. वॉर्डात कोणाची जखम चिघळली, तर कोणी केलं असं आम्ही विचारत नाही. कशातून आलं, असं विचारतो. कुठलं अवजार वापरलं, ते कशाने धुतलं, कुठे ठेवलं होतं. माणसाची गचांडी धरली की माणूस खोटं बोलतो आणि जंतू जागच्या जागी मजेत राहतो. आईने माणूस धरला होता. मी वस्तू शोधायचं ठरवलं.

भावजयीने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. आई तिच्याशी दोन दिवस बोलत नव्हती. मी तिला झोपायच्या खोलीत नेलं, दाराला आतून कडी नाही म्हणून खुर्ची टेकवली आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. साबण कुठला, आतले कपडे कशात धुतेस, टॉवेल किती दिवसांनी बदलतेस. प्रत्येक उत्तर शंभर नंबरी. ही बाई नळाची तोटीसुद्धा वापरून झाली की पुसून ठेवते. मी जेरीला आले. शेवटी, घरात कोणी कोणाला विचारत नाही ते विचारलं. आत काही जातं का? औषध, पाळीचा कप, दुसरं काहीही?

तिची मान लाल झाली. बराच वेळ ती चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. मग उठली, कपाटावरची बॅग उतरवली, तिच्यातून थंडीचा जाड कोट काढला आणि कोटाच्या बाहीत हात घालून प्लास्टिकची एक पिशवी बाहेर ओढली. पिशवीला दोन गाठी होत्या.

नाव घ्यायला लाजायचं काही कारण नाही. व्हायब्रेटर होता. भावानेच वर्षापूर्वी आणून दिला होता, तू इतके महिने एकटी असतेस म्हणून. माझ्या धाकट्याला एवढी समज असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याच क्षणी माझ्या मनात त्याची किंमत वाढली.

मी तिला म्हटलं, मग गप्प का बसलीस? परवा-तेरवा दुसऱ्या माणसाचं नाव तुझ्यामागे लागणार, आणि तू कोटाची बाही सांभाळत बसणार?

"दुसरा माणूस नाही, हे मला माहीत आहे ना," ती म्हणाली. "पण हे आईंच्या कानावर गेलं तर त्यांच्यासमोर मी उभी कशी राहू? त्यापेक्षा घराबाहेर काढलेलं परवडलं."

मी गाठी सोडल्या. पिशवीला आतून पाण्याचे थेंब चिकटले होते, आणि बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याला येतो तसा वास आला. कशाने धुतेस, असं विचारल्यावर तिने जरा अभिमानानेच सांगितलं की फरशी पुसायच्या जंतुनाशकाने, आणि तेही पाणी न घालता. मग नळाखाली धरायचं आणि लगेच पिशवीत. लगेच का, तर आई दार न वाजवता आत येतात.

"वाळत कुठे घालू, ताई?" तिने विचारलं. "कपड्यांच्या दोरीवर?"

हसावं की डोकं आपटावं ते मला कळेना. आमच्याकडे वाफेच्या यंत्रातून निघालेला अवजारांचा गठ्ठा नुसता दमट जरी लागला, तरी तो नापास. आत कितीही चकाचक अवजारं असोत, ओल राहिली म्हणजे गठ्ठा परत धुण्याला. ही घरातली सगळ्यांत टापटिपीची बाई, आणि वर्षभर ओला गठ्ठा वापरत होती. वर त्या फरशीच्या औषधाने नाजूक कातडी पोळत होती ती वेगळीच. त्रास झाला की ती बिचारी आणखी घासायची, आणखी औषध ओतायची. तिच्या स्वच्छतेनेच तिचा घात केला होता.

मी तिच्या पर्समधलं कामाचं भिंग मागून घेतलं. त्या भिंगातून बघितलं तर ती मऊ, रबरासारखी वस्तू बारीक बारीक छिद्रांनी भरलेली दिसली, आणि जोडाच्या रेघेत काळपट ठिपके होते. हात लावला तर चिकट. तरी माझी खोड जाते कुठे? माझ्या तोंडून निघून गेलं, की उद्या हे माझ्या यंत्रात टाकते, एकशे एकवीस अंशांची वाफ दिली की जंतूंचा बाप पळेल.

"ताई, त्यात मोटर आहे," भावजय हळूच म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मीही हसले. एकतीस वर्षांच्या अनुभवाची अशी फजिती व्हायलाच हवी होती. अशा छिद्रांच्या मालाला वाफ काय, कोणतंच धुणं पुरत नाही. तो टाकून द्यायचा.

दवाखान्यात पुन्हा जायचं आणि आईला बरोबर न्यायचं, हे भावजयीच्या गळी उतरवायला मला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ लागला. हवं तर मी सांगते, तू नुसती बस, असंही म्हटलं. गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर ती म्हणाली की नको, मीच बोलते. आई दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती एका शब्दात तयार झाली होती, कारण तिला निकाल ऐकायचा होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. भावजयीने पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. 

"हे माझं आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने दिलंय. मी ते फरशीच्या औषधाने धुते आणि ओलंच लपवून ठेवते. मला होतंय ते यामुळे का, तेवढं सांगा. आणि ह्या माझ्या सासूबाई, त्यांच्यासमोर सांगा."

तिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. इतकी वर्षं मी तिला घाबरट समजत होते. डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली, पिशवी बघितली, चारपाच प्रश्न विचारले. हा त्रास पुन्हा पुन्हा उलटायला एवढं कारण पुरेसं आहे, असं त्या म्हणाल्या. असला संसर्ग व्हायला पुरुष लागतोच असं नाही, जोडीदाराचा प्रश्न आपण प्रत्येकीला विचारतो, आणि या वस्तूंबद्दल आपणच आधी विचारायला हवं होतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. औषध पूर्ण घ्यायचं, ही वस्तू फेकून द्यायची आणि सगळं बरं होईपर्यंत दुसरी वापरायची नाही. आई ऐकत होती. पूर्ण वेळ तिची नजर त्या पिशवीवर होती.

घरी आल्यावर आई सरळ आपल्या खोलीत गेली.  बोटीचा निरोप तिने फिरवला नव्हता, याची मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शुक्रवारी मी भावजयीला असल्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेले. दुकानातली बाई साठीची, गळ्यात चष्मा अडकवलेला. तिने आम्हाला आडपडदा न ठेवता सगळं दाखवलं. भावजयीने पर्समधून भिंग काढलं आणि एकेक वस्तू उजेडात धरून जोड तपासायला लागली. दुकानदारीण थक्क झाली. शेवटी एक सिलिकॉनची, बिनछिद्राची, बिनजोडाची पसंत पडली. हिच्याबरोबर वंगण घ्यायचं तर पाण्याचं घ्या, सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनलाच खातं, असं त्या बाईने बजावलं. धुताना चार्जिंगचं टोपण बंद आहे ना ते बघा, आणि आत ओल असताना चार्जिंगला लावू नका, हेही सांगितलं. मी तिला आमच्या खात्यात डोळे मिटून घेतलं असतं.

शनिवारी सकाळी धुण्याची तालीम. नवी वस्तूसुद्धा वापरण्याआधी धुवायची असते, कारण कारखान्याची धूळ आपल्याला दिसत नाही. आई देवळात किंवा बाजारात जाईपर्यंत थांबू, असं मी सुचवलं. भावजय म्हणाली, आता कशाला, आणि तिने खोलीचं दार सताड उघडलं. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, बटणाच्या खाचेतून बोटाच्या पेराने हळू फिरवणं, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुणं, मग धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घेणं. भिंगं हाताळणारे हात ते. मला एकदाही टोकावं लागलं नाही. कोरडी झाली की सुती थैलीत, एकटीच, असं ठरलं होतं. तोवर तिने खिडकीजवळच्या टेबलावर स्वच्छ पांढरा टॉवेल पसरला आणि वस्तू त्यावर ठेवली. भर उजेडात.

तेवढ्यात आई आली. अर्थातच दार न वाजवता, आणि तसं दार उघडंच होतं. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"हे ते?"

"हो आई," भावजय म्हणाली. "वाळतंय."

"किती वेळ लागतो?"

"तासभर तरी."

आई गेली. भावजय खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कपाटाचं दार वाजलं, आणि आई परत आली ती हातात धुतलेलं मलमलचं फडकं घेऊन.

"रस्त्यावरची धूळ येते खिडकीतून," ती म्हणाली. "वरून हे टाक."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले, मग थोडी रडले. पण खरी लढाई बाकी होती. रविवारची बोट येणारच होती.

भाऊ दुपारी आला. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली, चेहरा असा की घरात कोणी गेलंय की काय. आईने त्याला पाणी दिलं आणि बसवलं. भावजयीला हाक मारली, तिला त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसायला लावलं, आणि स्वतः उभी राहिली.

"तुला मी हिच्याबद्दल वाईट सांगायला बोलावलं होतं," आई भावाला म्हणाली. "गुरुवारीच कळलं की ते खोटं आहे. तुझी बोट थांबवता आली असती, मी थांबवली नाही. आळ तुझ्यासमोर घेणार होते, मग माफीही तुझ्यासमोरच मागायला हवी."

मग ती भावजयीकडे वळली. "मी तुझ्यावर संशय घेतला. बावीस वर्षं तुला बघतेय, तरी घेतला. माझं चुकलं."

आमच्या घरात मोठं माणूस असं बोललं की सगळ्यांची धांदल उडते. असू दे, जाऊ दे, झालं गेलं, म्हणत आम्ही त्याचं पुढचं वाक्य तोंडातच अडवतो. भावाने तोंड उघडलं. मीही उघडलं होतं. भावजयीने आमच्याकडे न बघता हात वर केला आणि आम्हाला दोघांनाही गप्प बसवलं. ती ताठ बसली होती. मान खाली नव्हती.

"बोला आई," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

आणि आई बोलत राहिली.