धनिष्ठेवर गेलेले मामंजी

माझे सासरे, रामराव, धनिष्ठा नक्षत्रावर गेले. आम्हाला धड रडायलाही मिळालं नव्हतं तोच विष्णू गुरुजींनी पंचांग उघडलं. "पंचक आहे. तेरावा झाला की घराला कुलूप घाला. सहा महिने इथे कोणी राहायचं नाही, नाहीतर घरातले आणखी पाच जातात." चितेवर दर्भाच्या पाच बाहुल्या ठेवून झाल्या, शांतीही झाली, पण धनिष्ठेला म्हणे तेवढ्यानं भागत नाही. गुरुजी भला माणूस, खोटं बोलणारा नव्हे. तरी मला त्या वेळी त्यांची शेंडी ओढावीशी वाटली.

कारण साल होतं त्रेचाळीसचं. लढाईसाठी खमरियाला दारूगोळ्याचा नवा कारखाना निघाला होता आणि कुठून कुठून माणसं जबलपुरात येऊन थडकत होती. लोक गोठे सारवून भाड्यानं देत होते. सराफ्यात तर एकानं जिन्याखालची जागा दिली आणि घेणारा बायकोसकट त्यात राहिला. मदन महलजवळच्या आमच्या दोन खोल्या मामंजींनी रेल्वेत असताना घेतलेल्या, जुन्या भाड्याच्या. लढाईच्या कायद्यानं मालकाला भाडं वाढवता येत नव्हतं, राहत्या भाडेकरूला काढताही येत नव्हतं. पण राहत्या. घर एकदा रिकामं झालं की मालक मोकळा.

आमचे मालक भय्यासाहेब खालीच राहत. दिवाळीपासून त्यांनी आम्हाला पिडायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. सकाळी नळ बंद, जिन्याच्या तोंडाशी म्हैस बांधलेली. मामंजी गेले तसे तेच एकदम सोयऱ्यासारखे वागायला लागले. खांदा द्यायला सगळ्यांत पुढे. रोज वर येऊन सासूबाईंपाशी बसायचे. "वहिनी, काळजी नका करू. किल्ली माझ्याजवळ ठेवा. घर म्हणजे काय पळून जाऊन राहिलं?"

मी जन्माची तोंडाळ. "मी पंचक मानत नाही, मी हे घर सोडणार नाही," असं मी सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं.

"तू नको मानू," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी मानलं नव्हतं. वर्षाच्या आत दोघं भाऊ गेले. नीलू माझा एकुलता आहे, शैला."

नीलू म्हणजे नीलकंठ, माझे यजमान. गन कॅरेज कारखान्यात नोकरीला. आईपुढे त्यांचं तोंड उघडत नसे. त्यांनी तिलवाऱ्याच्या धर्मशाळेत एक खोली बघून ठेवली. तिथून रोज सायकलनं कारखाना गाठायचा, असं ठरलं. मी भांडी बांधली, पण प्रत्येक भांडं आपटून बांधलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. मी इंदूला, माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, कडेवर घेऊन खाली उतरले, तर अंगणात एक हातगाडी उभी. वर खाट, गाद्या, लोखंडी ट्रंका. गाडीजवळ एक माणूस विडी ओढत बसला होता. नाव विचारलं तर म्हणाला नथ्थू.

"किसका सामान है?"

"ठेकेदार साहब का, बाई. खमरिया में काम मिला है. ऊपर वाले निकल जाएँ तो चढ़ा दें." बिचारा सरळपणानं म्हणाला.

मी तशीच उलट पावली वर गेले. पाहिलं ते सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. "मी तक्रार करतो," हे म्हणाले.

"कसली? रिकाम्या घराची?"

तेवढ्यात भय्यासाहेब वर आले. हातात नवंकोरं कुलूप. मी विचारलं तशी त्यांनी लपवाछपवीही केली नाही.

"अच्छा, पाहिलं तुम्ही. मग काय करू मी? पंचक मी लावलं काय? तुम्हीच चाललात. सहा महिने भिंतींना भाडं मागू? चलो, टांगेवाला खोळंबलाय."

"सहा महिन्यांनी आम्ही कुठं जायचं?" हे म्हणाले.

"शोधा. सगळं गाव शोधूनच राहिलं आहे."

मी इंदूला खाली ठेवलं आणि फतकल मारून बसले. "मी राहते. बघू कोण उठवतं."

खरं सांगते, मला फार अभिमान वाटला स्वतःचा. ह्यांनी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, कपाळ मोकळं, पायांत जायला म्हणून वहाणा चढवलेल्या. त्यांनी त्या काढल्या.

"ऊठ," त्या मला म्हणाल्या. "लेकुरवाळी आहेस. तू इथे राहायची नाहीस. मी राहते."

"आई, तू?" हे म्हणाले. "तुला तर पक्कं वाटतं ना, की जो राहील तो..."

"वाटतं. म्हणूनच मी. तुम्ही तिघं लांब राहा."

भय्यासाहेब घाईनं पुढे झाले. "वहिनी, शास्त्र असं सांगत नाही. हा अविचार आहे. जीव जाईल."

"जाईल तर जाईल. तोवर राहतं घर आहे हे, भाऊजी. हातगाडी परत पाठवा."

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या, बांधलेल्या बोचक्यातून तवा काढला, चुलीत गोवऱ्या रचल्या. पहिल्या दोन काड्या वाया गेल्या. तिसरीनं पेटलं. भय्यासाहेब कुलूप घेऊन जिना उतरले. खालून त्यांचा नथ्थूवर ओरडण्याचा आवाज आला.

मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. माझं मघाचं शौर्य मला आठवेना. मी राहते म्हणाले, पण मला भीती कशाचीच नव्हती. ही बाई प्रत्येक श्वासाला मरण गृहीत धरून बसणार होती, सहा महिने, एकटी. "आई, मीही थांबते हो तुमच्यासोबत," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

"काहून रडतेस? ऐक." त्यांनी इंदूकडे हात केला आणि तिला शिवायच्या आधीच मागे घेतला. "या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. नीलूला कामावरून परस्पर इकडे येऊ देऊ नको. शपथ आहे तुला."

"नाही येणार आम्ही."

"एकदाच यायचं. मला काही झाल्याचं कळलं तर. तेव्हा रडायला बसू नको. भय्यासाहेब कुलूप आणायच्या आत वर ये, आधी ही चूल पेटव, अन् मग माझ्याकडे बघ."

घरात मढं असताना चूल पेटवत नाहीत, हे त्यांनीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. मी हो म्हणाले.