पोल्का आणि पौर्णिमा

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात बायकांना पोल्का हा विलायती नाच शिकवायचं खूळ निघालं. क्लबातल्या वर्षअखेरीच्या पार्टीत जोडीजोडीने नाचायचं. शिकवायला डिसोझाबाई. नवरे काही तयार होईनात, म्हणून बायकांच्याच जोड्या लावल्या. भिमाबाईच्या वाट्याला शेजारची सुमनबाई आली.

दिवसभर बालवाडीतली पोरं सांभाळायची, घरी सासऱ्यांचं पथ्यपाणी उरकायचं, मग क्लबात. तोवर भिमाबाईच्या पोटऱ्यांचे दगड झालेले असत.

"उडी, पाऊल, जोड, पाऊल!" डिसोझाबाई टाळ्या पिटत. "भिमाबाई, उडी मारा, उंबरा नका ओलांडू!"

सुमनबाई मात्र फुलली होती. शाळेत लेझमीला पहिल्या रांगेत असायची ती. त्यानंतर नाचायला मिळत होतं ते आत्ताच.

एके संध्याकाळी रोजचं पंचशील म्हणून, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून भिमाबाई उठली आणि तिची नजर कॅलेंडरवर गेली. पार्टी गुरुवारी. पौर्णिमाही गुरुवारीच. दर पौर्णिमेला ती अष्टशील घ्यायची. दुपारनंतर जेवण नाही, नाचगाणं करायचं नाही, बघायचंही नाही. आई गेल्यापासून एक पौर्णिमा चुकली नव्हती.

'सुटले बाई,' तिच्या मनात आलं. आणि लगेच कानशिलं तापली.

ती सांगायला गेली तेव्हा सुमनबाई कणीक मळत होती.

"बरी सापडली गं तुला पौर्णिमा! मी काय खांबाला धरून नाचू?"

"व्रत आहे गं माझं."

"व्रत आहे का कंटाळा? खरं सांग."

 खरं काय ते भिमाबाईलाच कळत नव्हतं. अंग चोरायला पाळलेलं शील, ते शील कसलं? सुमनबाईचा हात कणकेतच थांबला होता, डोळे भरले होते.

सुमनबाईचा नवरा धोंडीराम खाटेवर बसून चहा पीत होता. भिमाबाई त्याच्याकडे वळली.

"भावजी, तुम्ही उभे राहा हिच्याबरोबर. मी शिकवते."

"मी? ताई, बॉयलरवर उभं राहून गुडघे गेले माझे."

"माझेही गेलेत. उठा."

खाट भिंतीला लावली. क्लबाऐवजी आता रोज हेच. भिमाबाई पुढे उभी राहून पाऊल दाखवायची, मागे ती दोघं हात धरून.

"अहो, नाचताय का कोळसा ढकलताय?" सुमनबाई नवऱ्यावर खेकसायची.

"तू आधी माझ्या पायावरून उतर!"

हसता हसता भिमाबाई भिंतीला टेकायची. मग पुन्हा, "उडी, पाऊल..." घरी येऊन भाकऱ्या थापताना तिला उभ्याउभ्याच डुलकी लागायची.

गुरुवारी सकाळी विहारात जाऊन तिने अष्टशील घेतलं. पांढरी साडी नेसून संध्याकाळी घरीच बसली. पोट रिकामं, पाय ठणकत होते.

क्लबाकडून बाजाची धून आली. कान बंद करता येत नाहीत, म्हणून ती खिडकी लावायला उठली. समोर क्लबाच्या काचांवर सावल्या गरागरा फिरत होत्या. त्यात एक अवजड सावली ताल सोडून उडत होती. धोंडीरामच तो! जावं, धावत जावं, निदान दारातून बघावं, असं तिला इतकं वाटलं की गजावरची मूठ आवळली.

इतके दिवस तिथून सुटायची घाई होती. व्रतासाठी सोडण्याजोगं असं काही हाताशी आलं ते आत्ता.

तिने खिडकी लावून घेतली. चटईवर बसताना मांडी घालायला बराच वेळ लागला.